झालं गं, ऊठ

हिशेब चालायला तीन तास लागतात.
महिनाभरात किती समुद्र आत ओढला,
किती गोडं पाणी निघालं,
किती मचूळ परत आखातात सोडलं.
काळ्या पडद्यावर आकडे सरकत राहतात
आणि मी पुढ्यात बसते,
दूध तापत ठेवलंय आणि हलायची सोय नाही, तशी.

रस अल खैमाचा कारखाना. बाहेर पंपांची घरघर,
आत क्लोरीनचा वास, जो डब्यातल्या पोळीलाही लागतो.

रेजीमोननं कोल्लमला परतण्याआधी शिकवलं,
आमच्या दोघांच्या मोडक्या हिंदीत:
अशी राखण नको करू.
कामाच्या शेपटाला एक ओळ बांध.
नोटिफाय-सेंड, आणि पुढे अवतरणात
काय सांगायचं ते.
संपलं की कोपऱ्यात चौकट उगवेल.

मी लिहिलं, 'काम पूर्ण झाले आहे.'
तहसील कचेरीतल्या शिक्क्यासारखं दिसलं.
मग नुसतं 'झालं.'
मग तिसऱ्या रात्री, का कोण जाणे,
'झालं गं, ऊठ.'

आधी धड उमटलंच नाही.
चौकोन, चौकोन, चौकोन,
आणि एका रिकाम्या वर्तुळाच्या डोक्यावर
पोरका अनुस्वार.
फॉन्ट चढवला, तेव्हा कुठे 'गं' घरी आला.
वाचणार कोण? डावीकडे तगालोग,
उजवीकडे मल्याळम, वरच्या मजल्यावर अरबी.
चारचौघांत उघडं ठेवलेलं माझं गुपित.

पुढे ठरवलं, हे रात्री दोनला आपोआप चालावं.
चाललं. आकडे जागच्या जागी.
पडदा मात्र कोरा.
त्यानं तक्रार केली होती म्हणे,
पण ती आतल्या टपालपेटीत,
जी इथे कोणी उघडत नाही.
दोन रात्री शोधलं तेव्हा कळलं:
वेळापत्रकाला काम ठाऊक असतं, माणूस नाही.
त्याला सांगावं लागतं, ही बाई,
हिचा क्रमांक एक हजार,
हा तिचा पडदा, इथे आणून दे.
नाहीतर निरोप निघतो
आणि कुठेच पोचत नाही.
(असे मी घरीही बरेच धाडलेत.)

निकडीच्या तीन पायऱ्या असतात.
हलकी, नेहमीची, आणि तिसरी,
जी कोणी हात लावेपर्यंत जात नाही.
बेरजेला कसली आलीय निकड.
तरी मी तिसरी लावली.

त्या दिवशी जाळीत जेलीफिश अडकले,
टनावारी, पारदर्शक, थुलथुलीत.
सकाळपासून सगळे फावडी घेऊन,
मी फोनवर, मी नोंदवहीवर, मी रात्रपाळीलाही.
पावणेपाचला टेबलावर डोकं टेकलं ते टेकलंच.

खड्ग फेरीवर होता. नेपाळातल्या सल्यानचा,
दर दाराची कडी ओढून बघणारा.
त्याला कोपऱ्यातली चौकट दिसली.
अक्षरं त्याच्या ओळखीची, शब्द परके.
शाळेतल्यासारखं त्यानं मोठ्यानं वाचलं:
'झालम्.'
थांबला.
'गम्.'
पुन्हा थांबला.
मग तिसरा शब्द आला, आणि तो
त्याच्या गावातही तसाच म्हणतात.
तो मात्र त्यानं वाचला नाही,
मला म्हणाला.

तीन वर्षांत या किनाऱ्यावर
कोणी मला उठवलं नव्हतं. गजर सोडून.

मी उठले. चौकटीला हात लावला, ती गेली.
हिशेब बरोबर होता, म्हणजे
जेलीफिशइतका कमी.
'कसले लेखेको?' त्यानं विचारलं.
'मीच,' म्हटलं. ते त्याला पटलेलं दिसलं नाही.

बिल्ल्यावर माझं आडनाव आहे, खोपकर, इंग्रजीत.
पण दुसऱ्या रात्रीपासून तो दारातून
थर्मास उंचावून विचारतो,
'गम्, चिया?'

त्याला वाटतं ते माझं नाव आहे.
मी दुरुस्त केलेलं नाही.